टपाल तिकिटाचा भाव दुसरा बोली लावणारा ठरवतो

ऑनलाइन लिलावात एखादं तिकीट दोन लाखांना गेलं की चर्चा होते ती घेणाऱ्याची. भाव मात्र हरलेल्याने ठरवलेला असतो. बहुतेक संकेतस्थळांवर आपली कमाल बोली आधीच टाकून ठेवता येते आणि यंत्रणा ती लागेल तेवढीच वापरते. दुसऱ्या क्रमांकाची कमाल बोली, अधिक एक टप्पा (बोली एका वेळी जेवढ्याने वाढते ती रक्कम), एवढ्याला सौदा ठरतो. समजा तुमची कमाल ५०,००० आहे, दुसऱ्याची १२,००० आणि टप्पा ५०० चा. तिकीट १२,५०० ला तुमचं. दुसरा कोणी फिरकलाच नाही तर सुरुवातीच्या किमतीला.

म्हणून "हे किती दुर्मिळ आहे?" हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा: हे हवं असणारे, आणि परवडणारे, निदान दोघे आहेत का? ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकमेव मानलं जातं. न्यूयॉर्कच्या लिलावात २०१४ मध्ये ते सुमारे ९५ लाख डॉलरला गेलं आणि २०२१ मध्ये सुमारे ८३ लाखांना. सात वर्षांत त्याची दुर्मिळता तसूभरही कमी झाली नव्हती. त्या दिवशी समोर बसलेले लोक वेगळे होते, एवढंच.

आधी दुर्मिळपणा कुठून आला ते ओळखा

तो तीन वाटांनी येतो, आणि प्रत्येक वाटेवर फसवणुकीची तऱ्हा वेगळी असते.

पहिली वाट: छापलेच थोडे. गांधीजींच्या चित्राचा चार तिकिटांचा संच १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघाला: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात तो छापला होता. त्यातल्या फक्त १०० संचांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी 'सर्व्हिस' असा काळा शब्द वरून छापला गेला. या दहा रुपयांच्या सर्व्हिस तिकिटांचा चारचा जोडगट २०१७ मध्ये लंडनच्या स्टॅन्ली गिबन्सने पाच लाख पौंडांना विकला. आता धोका पाहा. साधं दहा रुपयांचं तिकीट बाजारात सहज मिळतं आणि त्यावर सात अक्षरांचा एक इंग्रजी शब्द छापायला फारशी अक्कल लागत नाही. तेव्हा वरछपाईवर भाव टिकलेला असेल तिथे तज्ज्ञ समितीचा दाखला नसेल तर पुढे वाचायचंही कारण नाही.

दुसरी वाट: छापले होते पुरेसे, उरले थोडे. सिंध प्रांत मुंबई इलाख्याकडे असताना तिथले आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ पासून 'सिंद डाक' तिकिटं सुरू केली. आशियातली ही पहिली चिकट तिकिटं. त्यांतलं एक लाल लाखेच्या चकतीवर उठवलेलं होतं. लाख ठिसूळ, पत्र हाताळताना तुटायची. म्हणून पुढे कागदावर पांढरी आणि निळी काढली. १८५४ मध्ये सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं आली आणि ही बाद झाली. आज अखंड लाल चकती मिळणं म्हणजे नशीब, आणि 'सिंद डाक' म्हणून ऑनलाइन जे पाच-सातशेला दिसतं ते नक्कल. या तिकिटाच्या नकला शंभराहून अधिक वर्षं बनत आल्या आहेत. काही नकलाच आता जुन्या झाल्यात.

मॉरिशसची १८४७ ची 'पोस्ट ऑफिस' तिकिटंही याच जातीची. एक पेनी आणि दोन पेन्स, दोन्ही प्रत्येकी ५०० छापली. आज मिळून २७ माहीत आहेत. त्यांतली दोन एक पेनीची तिकिटं मुंबईच्या एका बायबल सोसायटीच्या चिटणिसाला आलेल्या पाकिटावर आहेत. ते पाकीट १८९७ मध्ये हिंदुस्थानात सापडलं आणि संग्राहकांत 'बॉम्बे कव्हर' म्हणूनच ओळखलं जातं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला ते ३,८०,००० डॉलरला गेलं.

तिसरी वाट: छपाईतली चूक. १८५४ चं चार आण्यांचं तिकीट कलकत्त्यात दोन रंगांत, दोन फेऱ्यांत छापलं जायचं: लाल चौकट, राणी व्हिक्टोरियाचं निळं मस्तक. कागद एका फेरीला उलटा गेला आणि चौकटीत मस्तक खाली डोकं वर पाय झालं. हे 'इन्व्हर्टेड हेड' भारतीय संग्रहातलं शिखर. गंमत अशी की त्या काळी लोक हे तिकीट अष्टकोनी कापून लावायचे, त्यामुळे उलट्या मस्तकाच्या माहीत असलेल्या प्रतीही बऱ्याचशा अष्टकोनीच आहेत. चौकोनी कडा शाबूत असलेली प्रत कितीतरी पट महाग. साध्या चार आण्यांनाही हाच नियम लागू, आणि नवख्याची पहिली ठेच बहुधा इथेच लागते: यादीतली चौकोनी प्रतीची किंमत वाचून तो अष्टकोनी प्रत घेतो.

संख्या जास्त असूनही महाग, कमी असूनही स्वस्त

१८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनातून आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने यमुनेपलीकडे नैनीला टपाल नेलं. विमानाने गेलेली ही जगातली पहिली अधिकृत डाक. थैलीत सहा हजारांवर पत्रं होती. सहा हजार हा आकडा दुर्मिळ म्हणायला मोठाच. तरी किंमत टिकते, कारण हवाई टपालाचे संग्राहक, विमानांचे संग्राहक आणि भारताचे संग्राहक असे तिन्ही घोळके एकाच पाकिटावर येतात. दुसरा बोलीवाला हमखास असतो. शिक्का बहुतेक पत्रांवर किरमिजी असतो. काळ्या शाईतला थोड्याच पत्रांवर आहे, तिथे भाव आणखी वर जातो.

उलट एखाद्या छोट्या संस्थानाचं कोर्ट फीचं तिकीट जगात पाचच असेल, तरी ते गोळा करणारे चारच असतील तर शंभर-दोनशेत मिळतं. आपल्याकडच्या भोर संस्थानाची टपाल तिकिटं पाहा. १८७९ ची अर्धा आणा आणि एक आणा ही हाताने ठसे मारून देशी कागदावर उठवलेली, दात नसलेली, डिंक नसलेली. सुटी, कोरी तिकिटं अजूनही सामान्य खिशाला परवडतात. खरोखर टपालातून गेलेलं भोरचं पाकीट मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण तशी फार थोडी उरली. गोव्याचंही तसंच. १८७१ पासून पणजीत छापलेली पोर्तुगीज इंडियाची आकड्यांची तिकिटं दिसायला सगळी सारखी. कागद, परफोरेशन (कडेचे दात पाडणारी भोकं) आणि आकड्याचा साचा यांच्या फरकावर एक शंभरात जातं आणि तसंच दिसणारं दुसरं पन्नास हजारांत.

पायरी पहिली: तिकीट नेमकं ओळखा

लागणारं साहित्य थोडं: तिकिटांचा सपाट टोकाचा चिमटा (भुवया उपटायचा नव्हे, त्याने कागद चिरतो), दहापट मोठं दाखवणारं भिंग, परफोरेशन मोजायची पट्टी, वॉटरमार्कसाठी (कागदातच उमटवलेल्या खुणेसाठी) काळी बशी आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. सगळं मिळून एका मध्यम तिकिटाच्या किमतीत बसतं. लोक मात्र आधी तिकीट घेतात आणि मग भिंग.

परफोरेशनचा आकडा म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये बसणारी भोकं. १९४८ चा गांधी संच साडेअकराचा, राणीच्या काळातली लंडनच्या डी ला रू छापखान्याची छपाई बहुतांशी चौदाची. १८५४ च्या तिकिटांना दातच नाहीत, म्हणून तिथे चारही बाजूंचा मोकळा समास पाहायचा. एका बाजूने कात्री डिझाइनला लागलेली असेल तर भाव अर्ध्याहून खाली येतो. दात कापून 'बिनदाती' म्हणून विकलेली तिकिटं अरुंद असतात. दोन्ही दिशांनी मोजून खऱ्या दातेरी प्रतीशी ताडा.

वॉटरमार्क बघताना तिकीट पालथं काळ्या बशीत ठेवून त्यावर शुद्ध पेट्रोलियम बेन्झिनचे (विषारी बेन्झीन नव्हे) दोन थेंब. १८६५ पासून हत्तीचं डोकं दिसतं, १८८२ नंतर तारा. खिडकी उघडी हवी, गॅस आणि उदबत्ती बंद. बेन्झिन झटकन पेटतं. पाणी वापरायचं नाही: डिंक जातो आणि जुन्या काही शाया पाण्यात सुटतात.

एकाच दिसणाऱ्या तिकिटाचे साचेही वेगळे असतात. १८५४ च्या निळ्या अर्ध्या आण्याचे तीन आहेत. पहिल्यात राणीच्या अंबाड्यावरची छटा रंगाच्या गोळ्यांसारखी भरीव, दुसऱ्यात बारीक रेषांची. स्कॅनमध्ये हे दिसत नसेल तर विक्रेत्याकडे १२०० डीपीआयचा स्कॅन मागा. देत नसेल तर सोडून द्या.

पायरी दुसरी: प्रत कशी आहे

ऑनलाइन खरेदीत इथेच सर्वाधिक पैसे बुडतात, कारण पुढून काढलेल्या फोटोत दोष दिसत नाहीत. मागची बाजू बघितल्याशिवाय बोली नको. हिंज म्हणजे जुन्या अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी. ती काढताना मागचा थर निघतो आणि तिथे कागद पातळ होतो. उजेडासमोर धरला की पातळ भाग उजळ दिसतो, बेन्झिनमध्ये गडद. दुमड, शिवलेली फाट, तुटका कोपरा हेही बेन्झिनमध्ये उघडं पडतं.

कधीच हिंज न लागलेल्या कोऱ्या प्रतीला संग्राहक 'एमएनएच' म्हणतात. तिला विसाव्या शतकातल्या तिकिटांत दुप्पट-तिप्पट भाव मिळतो, म्हणून नवा डिंक लावणारे कारागीरही आहेत. त्यांना पकडायचं दातांच्या टोकांवर. मूळ डिंक आधी लागतो आणि भोकं नंतर पडतात, म्हणून टोकांवर कागदाचे मऊ तंतू सुटे दिसतात. नंतर लावलेला डिंक तंतूंत मुरतो आणि टोकं कडक, काटेरी होतात. बोटाने नव्हे, भिंगाने पाहा.

आणखी एक खास आपला दोष: तांबूस डाग. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत डिंकावर ठिपके उठतात आणि पुढे पसरतात. विक्रेता 'किंचित पिवळसर' लिहितो. ती बुरशी आहे, आणि ती शेजारच्या तिकिटांना लागते.

शेवटी मोठ्या छापील किमतीची, राणीनंतरच्या इंग्रज राजांच्या काळातली तिकिटं. पाच, दहा, पंचवीस रुपयांची तिकिटं अनेकदा दस्तऐवजांवर आणि तारेच्या फॉर्मवर लागली, टपालात नव्हे. पेनाची सही रसायनाने धुऊन तिकीट 'कोरं' केलं जातं किंवा त्यावर बनावट टपाली शिक्का मारला जातो. अतिनील दिव्याखाली धुतलेल्या शाईची भुताटकी दिसते. त्याच दिव्याखाली १८५४ चं म्हणवणारं तिकीट पांढरंशुभ्र चमकलं तर विषय संपला: कागद उजळवणारी रसायनं विसाव्या शतकातली आहेत.

पायरी तिसरी: पाकीट वाचायला शिका

सुट्या तिकिटापेक्षा पाकिटात जास्त पैसा असतो. तिकिटं अल्बममध्ये जपली गेली, पाकिटं चुलीत गेली. अर्ध्या आण्याचं साधं तिकीट शंभरात मिळत असलं तरी त्यावर एडनचा '१२४' किंवा सिंगापूरचा 'बी १७२' हा शिक्का असेल तर ते हिंदुस्थानाबाहेर वापरलेलं तिकीट ठरतं आणि त्याचे गिऱ्हाईक वेगळे, खिसे खोल. अख्ख्या पाकिटावर ते असेल तर विचारायलाच नको.

पाकीट तपासताना चार गोष्टींचा मेळ लागला पाहिजे. दर: १८५४ पासून देशांतर्गत पत्राला पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा, एका तोळ्यापर्यंत दोन. एकपानी पत्रावर चार आण्यांचं तिकीट दिसलं तर ते परदेशी टपाल आहे का, नोंदणीकृत आहे का, की नंतर कोणी चिकटवलं, हे विचारा. मग शिक्का: तो तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर अखंड उतरलेला हवा. तिकिटाच्या कडेशी रेघ तुटली किंवा एक मिलिमीटर सरकली तर तिकीट तिथलं नाही. मग मार्ग: मागे वाटेतल्या आणि पोचल्याच्या गावांचे शिक्के, आणि तारखा त्या क्रमाने. १८५० च्या दशकात सुएझमार्गे मुंबईहून लंडनला साधारण महिना लागायचा. आठ दिवसांत पोचलेलं पत्र अलौकिक नसतं, बनावट असतं. शेवटी मजकूर. आत मोडीतलं पत्र असेल तर वाचून घ्या. पेढीचा हिशेब, दुष्काळाची बातमी, एखाद्या लढाईचा उल्लेख यांमुळे टपालाबाहेरचा, इतिहासाचा गिऱ्हाईकही बोलीत उतरतो.

घरच्या पेटीत जुनी पत्रं सापडली असतील तर तिकिटं कापू नका, भिजवून काढू नका, पिना ओढू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. कात्री लागल्यावर पाकीट परत जोडता येत नाही.

१९७० नंतरची फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का मारलेली खास पाकिटं) मात्र बाजूला ठेवली तरी चालतील. ती संग्राहकांसाठीच हजारोंनी छापली आणि हजारोंनी जपली गेली. शंभर कव्हरांचा गठ्ठा बहुतेकदा मूळ किमतीलाही जात नाही.

पायरी चौथी: भाव काढा

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. कोणीही साध्या तिकिटासमोर पाच लाख लिहू शकतो, त्याला पैसे पडत नाहीत. संकेतस्थळावर 'विकलं गेलं' ही चाळणी लावा आणि लिलावगृहांच्या जुन्या निकालांत तेच तिकीट, त्याच प्रतीचं, शोधा. निदान पाच निकाल मिळाले तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा वगळून मधले धरा. कॅटलॉगची, म्हणजे तिकिटांच्या छापील यादीतली, किंमत ही उत्तम प्रतीची, दुकानदाराने मागायची किंमत असते. सामान्य प्रत तिच्या चौथाईला जाणं नेहमीचं. दुर्मिळ, दाखल्यासहित प्रत तिच्या वरही जाते.

दाखल्यात लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीचा किंवा 'बीपीए एक्सपर्टायझिंग' या ब्रिटिश संस्थेचा, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचा मान आहे. दाखल्यावरचा फोटो आणि समोरची प्रत ताडून पाहा: शिक्क्याची जागा, समासाची रुंदी, दातांची ठेवण. खरा दाखला आणि बदललेलं तिकीट हा जुना डाव आहे. दाखल्याची तारीखही पाहा, कारण चाळीस वर्षांपूर्वी खरं ठरलेलं तिकीट आज फेटाळलं जाऊ शकतं.

पायरी पाचवी: बोली

आधी अटी वाचा. हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराचं शुल्क लागतं, त्यावर कर, मग टपाल आणि विमा. समजा शुल्क २० टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. २०,००० ला तिकीट मिळालं तर शुल्क ४,०००, कर ७२०, विमा-कुरिअर ४००. हातातून गेले २५,१२०. कमाल बोली उलट्या दिशेने काढायची: एकूण २५,००० च खर्च करायचे असतील तर त्यातून ४०० वजा करून १.२३६ ने भागा. येतात १९,९०३. म्हणजे टप्पा ५०० चा असेल तर बोली १९,५०० ला थांबली पाहिजे. खुद्द वस्तूवरचा कर, सीमाशुल्क वेगळं असेल तर तेही या भागाकारात घाला.

ही रक्कम कागदावर लिहा आणि शेवटच्या काही सेकंदांत टाका. आधी टाकलेली बोली इतरांना 'इथे काहीतरी आहे' असं सांगते. मात्र काही संकेतस्थळांवर शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ आपोआप वाढते. तिथे घाई निरुपयोगी, पण लिहिलेला आकडा उपयोगी. दोन जण चिडीला पेटले की बाजारभावाच्या दुप्पट मोडतात, आणि सहा महिन्यांनी तेच तिकीट पुन्हा विक्रीला आलं की निम्म्यात जातं, कारण दुसरा चिडखोर आता तिथे नसतो.

महाग लॉट (लिलावात एकत्र विकली जाणारी वस्तू किंवा गठ्ठा) असेल तर लिलावापूर्वीच लेखी विचारा: "दाखल्यासाठी पाठवायची मुदत मिळेल का? नकली निघालं तर पूर्ण पैसे परत, शुल्कासकट?" 'जसं आहे तसं' विकलेल्या गठ्ठ्यांना ही सवलत बहुधा नसते. विकणाऱ्याच्या बाजूने असाल तर एक कायदा लक्षात घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. राणीच्या काळातली पाकिटं परदेशी गिऱ्हाइकाला कुरिअर करण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

आल्यावर

पार्सल उघडताना अखंड चित्रण करा आणि तिकीट लगेच लॉटच्या स्कॅनशी ताडा. तक्रारीची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते. मग ते पीव्हीसीच्या चकचकीत पाकिटात ठेवू नका, त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ शाईवर उतरतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन चालतं. अल्बम कपाटात उभे, सैल ठेवा. आडवे रचले की वजनाने डिंक चिकटतो. पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदललं की तव्यावर मंद आचेवर, तिकिटांपासून दूर, सुकवून परत वापरा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, आणि जूनच्या आधी प्रत्येक पान एकदा उलटून डाग पाहा. डागी प्रत दिसली की त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात.